ढोरं परतायची वेळ

मार्गशीर्षात आमच्या अकोल्यात कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायला लागतात. गाडीत मावतो त्याहून जास्त कापूस भरलेला असतो, वरून जाळं बांधलेलं असतं, तरी वाऱ्यानं थोडा थोडा सुटतोच आणि बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, दुकानांच्या पाट्यांना लटकून राहतो. परवा त्यातला एक पुंजका माझ्या खिडकीच्या जाळीत येऊन अडकला. काढायला म्हणून हात लावला. आत सरकी होती, बोटाला कडक लागली. मग तो काढायचं राहूनच गेलं. खिडकीशी उभी राहिले ती बराच वेळ.

लोकांना हिवाळा म्हटला की थंडी आठवते. मला ऊन आठवतं. विदर्भातलं हिवाळ्याचं ऊन सकाळी पांघरुणासारखं वाटतं, दुपारी मानेला चावतं, आणि चार वाजायच्या सुमारास एकाएकी त्यातला जीव जातो. ऊन असतं, पण ऊब नसते. सायकल चालवताना हा बदल आधी हातांच्या पाठीला कळतो. काही हिवाळ्यांपूर्वी मी अशाच उन्हातून एकटी सायकलवर पूर्वेकडे निघाले होते. त्या प्रवासातल्या बाकीच्या दिवसांची आता सरमिसळ झाली आहे. कुठला चहा कुठल्या गावात प्यायले ते सांगता येणार नाही. वर्धा जिल्ह्यातला एक दिवस मात्र वेगळा राहिला आहे.

मी सायकल चालवायला लागले ती अरविंद गेल्यावर. अरविंद माझा नवरा. आम्ही एका शाळेत शिकवत होतो, तो गणित, मी मराठी. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे राहिले. मी नोकरी सोडली आणि त्याच्या खाटेशी बसले. किती वर्षं, ते मी मोजत नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या घरात दोन माणसं होती आणि एकाच्याच बोलण्याचा आवाज होता. तो गेला तेव्हा दुपार होती, मी जवळच होते, त्याचा हात माझ्या हातात होता. लोक म्हणाले, सुटला. काही जण माझ्याकडे पाहून म्हणाले, तूही सुटलीस. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

सुटलेल्या माणसानं जायचं कुठे, एवढंच कोणी सांगितलं नाही. भाचा परदेशी जाताना त्याची गिअरची सायकल आमच्या जिन्याखाली ठेवून गेला होता. एका सकाळी ती पुसली, हवा भरली आणि गोरक्षण रोडपर्यंत जाऊन आले. मग रोज थोडं पुढे. शाळकरी वयात सायकलवर जाणारी मी, पन्नाशी उलटल्यावर पुन्हा चढले, आणि पायांना सगळं आठवत होतं. वर्षभरानं मी मागच्या बाजूला दोन पिशव्या बांधल्या आणि गोंदियाकडच्या तळ्यांकडे निघाले. तळ्यांशी माझं काही काम नव्हतं. कुठे चालल्या म्हणून विचारलं तर सांगायला एक नाव हवं, म्हणून ते ठरवलं होतं.

वर्धा नदीचा पूल ओलांडून रात्रीचा मुक्काम आर्वीला केला होता. सकाळी निघाले तेव्हा धुकं होतं. शेतांत पांढरं काय आणि धुकं काय, ते कळत नव्हतं. मग ऊन वर आलं तसं धुकं गेलं आणि पांढरं ते जागेवर राहिलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटली होती. मधल्या ओळींत तूर पिवळी. वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओट्या बांधलेल्या बाया दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत पुढे सरकत होत्या, आणि हात चालू ठेवूनच मला हाक मारत होत्या.

"एकटीच का वो बाई?"

हा प्रश्न अकोल्यापासून माझ्या सोबतीला होता. मी हो म्हणायचे. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "काऊन?" 'का'ला माझी आई असंच म्हणायची. शाळेत शिकवता शिकवता माझी जीभ पुस्तकी झाली, पण तो 'काऊन' ऐकला की आतलं काहीतरी वळून पाहतं. बाया हसायच्या, मी हसायचे, सायकल पुढे जायची.

दुपारी मी मोठा रस्ता सोडला. हिंगणीपर्यंत जंगलाच्या कडेनं जाणारा एक अरुंद रस्ता आहे, गाड्या कमी, सावली जास्त, म्हणून तो घेतला. चहाच्या टपरीवरच्या माणसानं बजावलं होतं, "उन्हं उतराच्या आंधी पार करजा बाई. तिकडं त्याचं फिरनं सुरू हाय." वाघाचं नाव त्यानं घेतलं नाही. तिथे कोणीच घेत नाही. साग अर्धे झडले होते, खाली पडलेली पानं एवढी मोठी आणि एवढी कोरडी की सरडा गेला तरी माणूस चालल्यासारखा आवाज. मी घाई करत नव्हते, पण रेंगाळतही नव्हते. आणि मग मागच्या चाकातून फुस्स झालं.

बाभळीचा काटा होता. हातात धरून सायकल ढकलत निघाले. जंगल एका बाजूला संपलं आणि एक लहानशी वस्ती लागली. नाव लिहीत नाही. पहिल्याच घराच्या ओट्यावर माझ्याहून थोडी मोठी एक बाई कापूस निवडत बसली होती. बोंडांबरोबर आलेली वाळकी पानं काढून टाकायची, कापूस मागे सरकवायचा. दार उघडं होतं आणि आतली खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत कापसानं भरलेली दिसत होती.

मी घमेलंभर पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं आणि ओट्यावरून उतरून माझ्यासमोर उकिडवी बसली. ट्यूब पाण्यात बुडवून मी बुडबुडा शोधत होते, तिला तो माझ्या आधी दिसला.

"तो पाय, तिथं."

तिचं नाव वच्छला. मी पॅच लावला, तो वाळेपर्यंत आम्ही बोललो. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. "हे" म्हणाली. हे ढोरं घेऊन जंगलाच्या कडेला गेले आहेत, येतीलच आता. घरच्या गवळाऊ गाई आहेत, पांढऱ्या. त्यांतली मोगरी गाभण आहे, सातवा महिना लागला आहे. तिला घरी बांधून ठेवा म्हटलं तर हे ऐकत नाहीत, म्हणतात चालली फिरली तर सुखानं विते. एकुलती लेक सुनीता नाचणगावला दिली आहे. तिलाही सातवा लागला आहे.

"दोघी संगंच," वच्छलाबाई म्हणाली आणि पदराआड हसली.

मी चाक बसवत होते तेव्हा घंटा ऐकू आल्या. रोज परतणाऱ्या ढोरांच्या घंटा संथ असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. या तशा नव्हत्या. वच्छलाबाई उठून उभी राहिली. गाई धावत आल्या, शेपट्या वर, तोंडाला फेस. कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, कोणी शिरली नाही. अंगणात गोळा झाल्या आणि तोंडं जंगलाकडे करून उभ्या राहिल्या. त्यांच्या पांढऱ्या कातड्या लाटांसारख्या थरथरत होत्या.

मागे माणूस नव्हता.

वच्छलाबाईनं गाईंवरून एकदाच नजर फिरवली. "मोगरी नाई आली," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, अगदी त्याच आवाजात, "हे बी नाई आले."

लहान वस्तीत बातमी सांगत फिरावं लागत नाही. शेतांतून माणसं आली. प्रल्हाद नावाचा शेजारी ट्रॅक्टर घेऊन आला, पन्नाशीचा, मफलर बांधलेला. त्यानं वनखात्याच्या गार्डला फोन लावला. गार्ड मोटरसायकलवर आला. काठ्या, कुऱ्हाडी, रिकामे डबे, दोन मोठ्या बॅटऱ्या गोळा झाल्या. ट्रॅक्टर निघाला तेव्हा प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी निंघा. चाक झालं ना? आता निंघाल्या तं अंधाराच्या आंधी हिंगणीले पोचसान."

बरोबर होतं. सायकल तयार होती, उजेड होता, रस्ता इथून जंगल सोडून शेतांतूनच जाणार होता. परक्या घरावर अशी वेळ आली असताना परक्या बाईनं तिथे घुटमळू नये, हेही मला कळत होतं. मी पिशव्या बांधल्या. वच्छलाबाई गाईंना एकेक करून कोठ्यात नेत होती. माझ्याजवळून जाताना थांबली.

"जा वो बाई. तुह्यी कोनी वाट पाहून राह्यलं असंन."

"माझी कोणी वाट पाहत नाही," मी म्हणाले.

मी ते वाक्य याआधी कधी तोंडातून काढलं नव्हतं. मनातही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. हळहळली नाही, की काही विचारलं नाही. तिच्या हातात दावं होतं, ते तिनं माझ्या हातात दिलं.

"मंग बस," ती म्हणाली.

मी राहिले.

अरविंदच्या आजारपणात मी इस्पितळांच्या बाकांवर खूप बसले आहे. वाट पाहण्याचा मला सराव आहे, असं मी समजत होते. पण ती वाट पाहणं वेगळं. तिथे शेवट ठाऊक असतो, फक्त दिवस ठाऊक नसतो. माणूस समोर असतं, त्याचं अंग पुसता येतं, कूस बदलता येते. इथे समोर नुसतं जंगल होतं. उजेड कमी होत होता तसं ते पुढे सरकल्यासारखं वाटत होतं. सागाच्या पानांचा आवाज आला की बाया माना वळवायच्या, आणि तो वारा असायचा.

वच्छलाबाई बसली नाही. तिनं धारा काढल्या. "ढोरायले काय मालूम," म्हणाली. गाई बिथरलेल्या होत्या, पान्हा सोडत नव्हत्या. ती कपाळ गाईच्या कुशीला टेकवून कितीतरी वेळ तशीच बसून राहायची, मग दुधाची बारीक धार बादलीत वाजायची. मी वासरू धरून उभी होते. वासराचं अंग गरम होतं आणि काळीज एवढं जोरात उडत होतं की माझ्या मनगटाला ते लागत होतं.

ओट्यावर बाया जमल्या होत्या. त्यांतल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावून गळा काढायला सुरुवात केली. वच्छलाबाई कोठ्यातून बाहेर आली, हातात बादली.

"रडू नको वो माय," ती म्हणाली. "अजून काई झालं नाई."

म्हातारी गप्प झाली. नंतर तिथे कोणी रडलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. वच्छलाबाईचा, कोनाड्यात ठेवलेला. नाचणगावहून सुनीता. रोज या वेळी ती बापाशी बोलते, ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळ्या वच्छलाबाईकडे पाहायला लागल्या. फोन वाजत राहिला. वच्छलाबाईनं बादली खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले.

"हां, बोल," ती म्हणाली. "हो, आली ढोरं... बाबा? कोठ्यात हायेत. दूध काढून राह्यले... आता कसे येतीन, हात भरले त्यायचे. लावतील मागून. तू जेवली का? तिखट खाऊ नको... हो. हो. ठेवतो."

आवाज कुठे हलला नाही. फोन ठेवल्यावर ती भिंतीला हात लावून उभी राहिली. मी जवळ गेले. ती माझ्याकडे न पाहता बोलली, हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं.

"वाघ फारेस्टवाल्यायचा. जंगल त्यायचं. मानूस आमचा हाय ना वो."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. माझ्या खांद्यावर असे फार हात ठेवले गेले आहेत, त्यांचं वजन मला ठाऊक आहे. मी तिच्या बाजूला त्याच भिंतीला पाठ लावून उभी राहिले. भिंत दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होती. आमच्या मागे, त्या भिंतीच्या पलीकडे खोलीभर कापूस होता, आणि त्याचा तो वास येत होता, ऊन, धूळ आणि थोडं तेल मिसळलेला. मला वाटलं, आम्ही दोघी अशाच उभ्या राहिलो आणि कोणी आलंच नाही, तर मग काय करायचं? पुढचं मला दिसत होतं. घर कसं रिकामं होतं, कुठल्या वस्तूपासून रिकामं व्हायला लागतं, सगळं. तिला ते दिसत नव्हतं, आणि ते दिसू नये म्हणून मी देवाला, ज्याच्याशी माझं बरीच वर्षं बोलणं नव्हतं, काही म्हणाले. काय म्हणाले ते आता आठवत नाही.

अंधार पडला. जंगलात खूप आत डबे वाजत होते, मग ते थांबले. थांबले ते वाईट होतं. शांततेत दूरचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. दिवे झाडांतून दिसायला लागले. बाया उठल्या, पण पुढे कोणी गेलं नाही. मघाची म्हातारी कान देऊन ऐकत होती.

"बोलून राह्यले," ती म्हणाली.

मलाही ऐकू आलं. ट्रॅक्टरवरची माणसं बोलत होती. कोणी कोणाला तरी रागावत होतं, साध्या, रोजच्या रागानं. वाईट बातमी आणणारी माणसं बोलत येत नाहीत. वच्छलाबाईला ते माझ्या आधी कळलं असणार, पण ती जागची हलली नाही.

वच्छलाबाईचे 'हे', दौलतभाऊ, ट्रॅक्टरवरून सगळ्यांत शेवटी उतरले. उंच, वाळकं शरीर. अंगात सदरा नव्हता, नुसती बंडी. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं आणि रक्तानं भरलं होतं. बाया दचकल्या, तसं प्रल्हाद म्हणाला, "त्याचं नाई ते. गायीचं हाय."

मग त्यानंच सांगितलं. नाल्यात पाणी प्यायला ढोरं उतरली आणि वाघानं मोगरीला धरलं. बाकीची पळाली. दौलतभाऊ कुऱ्हाड घेऊन ओरडत धावले तसा वाघ तिला सोडून बाजूच्या झुडपात गेला. गेला म्हणजे तिथेच बसला. गाय मेली नव्हती. कंबर मोडली होती, उठता येत नव्हतं. दौलतभाऊंनी पळून यायचं, निदान झाडावर चढायचं, तर हे तिथेच तिच्या डोक्याशी जाऊन बसले. एका हातात कुऱ्हाड. माणसं पोचली तेव्हाही बसलेलेच होते. सदरा तिच्यावर घातला होता. तिचा जीव गेल्यावरच उठले.

"अक्कल हाय का नाई मानसाले?" प्रल्हाद मफलर सोडत म्हणाला. "दहा कदमावर ते बसून होतं. आमच्या बॅटरीत डोये चमकले त्याचे. एका गायीपाई?"

दौलतभाऊ ओट्याच्या कडेवर टेकले होते. मग कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले,

"माह्याकडं पाहून राह्यली होती. कसा उठू?"

गार्डनं मान खाली घातली. मी तिथून उठले आणि सायकलजवळ जाऊन उभी राहिले, कारण मला कोणी पाहू नये असं वाटत होतं. अरविंद गेल्यानंतर मी रीतीप्रमाणे रडले होते, येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर रडले होते. तो मात्र माझ्याकडे वर्षानुवर्षं पाहत होता आणि मी उठले नव्हते. ते कशासाठी, असं मला लोकांनी विचारलं होतं. मी कर्तव्य म्हणायचे, प्रेम म्हणायचे, कधी नशीब. एकही शब्द पुरत नसे. आता एका अनोळखी माणसानं, गायीच्या रक्तानं भरलेल्या धोतरात बसून, तीच गोष्ट सांगितली होती, आणि त्यात शब्द असे काही नव्हतेच. मी सायकलची सीट घट्ट धरून रडले. आवाज न करता, पण पोटभर.

परत आले तेव्हा वच्छलाबाई नवऱ्याच्या पायांवर गरम पाणी घालत होती. तोवर ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

"चप्पल कुठी हाय?" तिनं विचारलं.

"नाल्यातच राह्यली."

"नवी होती."

"हो."

तिनं पाय पुसले. मग कोनाड्यातला फोन आणून त्यांच्या हातात दिला. "सुनीताचा येऊन गेला. म्या सांगतलं का तुमी दूध काढून राह्यले. तसंच सांगजा."

दौलतभाऊंनी फोन कानाला लावला. वस्ती एवढी शांत होती की पलीकडचा पोरीचा आवाजही आम्हाला ऐकू येत होता, शब्द नाही, नुसता चिवचिवाट.

"हो, दूध काढून राह्यलो होतो," ते म्हणाले. "नाई, थकलो नाई... थंडी हाय थोडी."

पलीकडून तिनं काहीतरी विचारलं. वच्छलाबाई पाण्याची घागर हातात घेऊन जागच्या जागी थांबली.

"मोगरी ना?" ते म्हणाले. "बरी हाय. झोपली आता."

त्या रात्री मला त्यांनी आतल्या खोलीत, कापसाच्या ढिगाला लागून जागा करून दिली. त्याआधी वच्छलाबाईनं भाकरी टाकल्या, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी केली. सगळे जेवले, दौलतभाऊही. थोडं जेवले. ओट्यावरच्या बाया आपापल्या घरी गेल्या. कापसाशेजारी झोपलं की थंडी वाजत नाही, हे मला तिथे कळलं. हात पुढे केला की तो मऊ ढीग लागायचा, आणि मध्ये मध्ये सरकीचे कडक दाणे.

सकाळी दौलतभाऊ अंघोळ करून, धुतलेलं धोतर आणि टोपी घालून तयार होते. गार्ड मोगरीच्या पंचनाम्याला न्यायला येणार होता. घरच्या माणसाच्या शेवटच्या कामाला निघावं तसे ते दिसत होते. त्यांनी मला नमस्कार केला. "रात्री बायकोजवळ होत्या तुमी," म्हणाले. मला आणखी काही नको होतं.

वच्छलाबाईनं ओटी बांधली होती. मी म्हटलं, आजचा दिवस तरी घरी राहा. ती म्हणाली, "कापूस फुटून हाय ना. तो थोडीच थांबते." रस्त्यापर्यंत माझ्यासोबत आली. दोन्ही बाजूंना दंव पडलेली पऱ्हाटी होती. निघताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा, मानेपासून खाली.

"पोचली का फोन करजो," ती म्हणाली.

मी त्या दिवशी हिंगणीला चहा प्यायले, पुढे गेले, मग आणखी पुढे. गोंदियाची तळीही पाहिली. पक्षी होते, धुकं होतं, छान होतं. पोचल्याचा फोन केला. अकोल्याला परतल्यावरही केला. मग संक्रांतीला तिचा आला. सुनीताला मुलगी झाली तेव्हा आला. तोवर मोगरीचं लेकीला सांगून झालं होतं. ती दोन दिवस बापाशी बोलली नाही म्हणे, आणि मग रोज बोलायला लागली ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ. दौलतभाऊ अजून ढोरं घेऊन जातात. नका जाऊ म्हणून सांगणारे सगळे थकले. नाल्याकडे मात्र जात नाहीत, वरच्या माळानं फिरवून आणतात, आणि त्यामुळे परतायला उशीर होतो.

या दिवसांत, कापूस फुटला आणि दिवस लहान झाले की, उन्हातला जीव गेल्यावर माझा फोन वाजतो. रोज नाही. ज्या दिवशी उशीर होतो त्या दिवशी. वच्छलाबाई काय जेवलीस विचारते, मी काय वेचलंस विचारते, आणि मग बोलणं संपतं. फोन कोणी ठेवत नाही. ती तिच्या ओट्यावर असते, मी माझ्या खिडकीशी. तिच्या बाजूनं वाऱ्याचा आवाज येतो, सागाच्या पानांचा येतो, कुठेतरी कोणाचा तरी पंप चालू असतो. मी ऐकत राहते. मग खूप लांबून घंटा येतात, संथ. ती तरी काही बोलत नाही. घंटा जवळ येतात, अंगणात खुरं वाजतात, कोठ्याचं दार करकरतं. आणि मग एका माणसाचा खाकरण्याचा आवाज येतो, आणि तो विचारतो, "कोनाचा फोन हाय?"

"ठेवतो मंग," वच्छलाबाई मला म्हणते, आणि ठेवते.